रो-हाउसवर मजला, अंगणात खोली : ठाणे-नवी मुंबईत वाढीव बांधकामाची परवानगी कशी काढायची

सिडकोच्या बैठ्या घरात मुलाचं लग्न ठरलं, की हॉलच्या आधी ठेकेदार ठरतो. वर एक खोली, तिला लागून ओटा, बाहेरून लोखंडी जिना. ठाण्यात जुना बंगला असेल तर मागच्या अंगणात आईवडिलांसाठी स्वतंत्र खोली-किचन, म्हणजे त्यांना जिना चढायला नको आणि सुनेलाही मोकळीक. पुढेमागे ती जागा भाड्यानेही देता येते. ठेकेदार म्हणतो, "साहेब, या लायनीत सगळ्यांनीच केलंय. वॉर्डाचं मी बघून घेतो." तो काय बघतो ते आपल्याला कधीच कळत नाही. नोटीस मात्र घरमालकाच्या नावाने येते.

हा लेख स्वतःचा प्लॉट, बंगला किंवा रो-हाउस असणाऱ्यांसाठी आहे. इमारतीतल्या फ्लॅटची गच्ची सामाईक असते. टॉप फ्लोअर तुमचा असला तरी तिच्यावर खोली बांधायचा विचार सोडून द्या.

आधी कळू द्या, परवानगी देणार कोण

ठाणे महापालिकेच्या हद्दीत अर्ज जातो पाचपाखाडीला, मुख्यालयातल्या शहर विकास विभागात. दिघा ते बेलापूर या पट्ट्यात नवी मुंबई महापालिकेच्या नगररचना विभागात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत. उलव्यासारख्या भागात सिडको स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात किंवा वागळे इस्टेटमध्ये प्लॉट एमआयडीसीचा असेल तर नियमही त्यांचे आणि परवानगीही त्यांची. नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या प्रभाव क्षेत्राची नियमावली वेगळी.

बाकी बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली चालते, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. ऑफिसात तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, काउंटरवर वेळ वाचतो. तिच्यामागचा कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजे एमआरटीपी.

वॉर्ड ऑफिसचा या परवानगीशी संबंध नसतो. ते कारवाई करतं, घरपट्टी लावतं, पण नकाशा मंजूर करत नाही. वॉर्डातून 'तोंडी ओके' मिळालं म्हणून काम सुरू करणारे पुष्कळ भेटतात. कागदावर त्या ओकेची किंमत शून्य.

जमीन कोणाची, हे नवी मुंबईत वेगळं विचारावं लागतं

ठाण्यात सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढलं की मालकी बऱ्यापैकी स्पष्ट होते. नवी मुंबईत घर तुमचं असतं, पण खालची जमीन बहुधा सिडकोची असते आणि तुम्ही साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ती धरलेली असते. म्हणजे दोन दारं ठोठवायची. महापालिका नकाशा तपासणार आणि सिडको जमीनमालक म्हणून ना-हरकत देणार. एक झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

त्यामुळे कपाटातून भाडेपट्ट्याचा दस्त काढा आणि सगळा वाचा, नुसतं पहिलं पान नको. तीन गोष्टी शोधा. प्लॉटला चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय किती दिलाय. जुन्या दस्तांत कुठे १ असतो, कुठे दीड. वापर कोणता लिहिलाय, नुसता 'निवासी' की त्यात घरांच्या संख्येची मर्यादा आहे. अशी मर्यादा असेल तर स्वतंत्र स्वयंपाकघराचं दुसरं घर दाखवताच आक्षेप येईल. आणि भाडेपट्टा कोणाच्या नावावर आहे. अनेक रो-हाउस वसाहतींत तो सोसायटीच्या नावे असतो आणि तुमच्याकडे फक्त शेअर सर्टिफिकेट. तसं असेल तर सोसायटीचा ठराव आणि ना-हरकत याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. शिल्लक क्षेत्र वापरायला सिडको जादा अधिमूल्य, म्हणजे प्रीमियमही मागू शकते. ते घराच्या बजेटमध्ये धरा, नंतर 'हे कुठून आलं' म्हणू नका.

वडिलांच्या नावावरचं घर वारसाने आलं असेल आणि सिडकोकडे नाव चढलेलं नसेल, तर आधी ते. मयताच्या नावाने बांधकाम परवानगी निघत नाही, आणि भावा-बहिणींच्या सह्या राहिल्या असतील तर त्या मजला झाल्यावर मिळणं जास्त अवघड जातं.

गावठाणातली घरं आणि प्रकल्पग्रस्तांची 'गरजेपोटी' बांधलेली घरं यांचा विषय स्वतंत्र शासन निर्णयांनी चालतो. त्यांचे नियम प्लॉटधारकाला लागू पडत नाहीत. जमीन संपादनाच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर मात्र रीतसर भाडेपट्टा आणि रीतसर परवानगी, दोन्ही लागतात.

जुना मंजूर नकाशा

हा एक कागद सापडला की निम्मं काम झालं असं समजा. मूळ घराचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. घरात नसतील तर महापालिकेच्या किंवा सिडकोच्या अभिलेखातून साक्षांकित प्रत मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

नकाशा हातात आला की टेप घेऊन घर मोजा. मागच्या मालकाने बाल्कनी खोलीत घेतलेली, पोर्चवर स्लॅब टाकलेला, मागच्या मोकळ्या जागेत न्हाणीघर उभं केलेलं, असं काही ना काही निघतंच. नवीन परवानगी मागताना जुनं वाढीव बांधकाम अभियंत्याच्या नजरेस पडणारच आहे. त्यामुळे ते आधीच नकाशावर दाखवून नियमात बसतं का ते बघा, नाहीतर पाडून मोकळं व्हा. लपवलेल्या न्हाणीघरासाठी अख्खी फाईल अडलेली परवडत नाही.

किती बांधता येईल, याचा हिशेब

इथे लोक सर्वात जास्त फसतात, कारण ते खोल्यांचं कार्पेट मोजतात. यूडीसीपीआरमध्ये मोजमाप 'पी-लाइन'ने होतं, म्हणजे मजल्याच्या सर्वात बाहेरच्या कडेने. भिंतीची जाडी, बाल्कनी, जिना, सगळं आत.

उदाहरण घेऊ. ठाण्यात १०० चौरस मीटरचा प्लॉट, दाट वस्तीबाहेरचा, समोर ७ मीटरचा रस्ता. मूळ निर्देशांक १.१०, म्हणजे ११० चौ.मी. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी, म्हणून अधिमूल्य भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय नाही आणि टीडीआरही, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला विकास हक्कही नाही. खालचं घर पी-लाइनने ६० चौ.मी. आहे. शिल्लक राहिले ५०. वर तेवढाच ६० चा मजला हवा असेल तर १० कमी पडतात. ते अनुषंगिक एफएसआयमधून घेता येतात. निवासी वापराला तो प्रस्तावित एफएसआयच्या ६० टक्क्यांपर्यंत मिळतो, पण फुकट नाही, रेडीरेकनरच्या जमीनदरावर अधिमूल्य भरून. रस्ता ९ ते १२ मीटर असता तर प्रीमियम ०.५० आणि टीडीआर ०.४० धरून कमाल निर्देशांक २ पर्यंत गेला असता.

आकड्यात बसलं म्हणजे झालं असं नाही. सामासिक अंतरं वेगळी बघतात, म्हणजे समोर, मागे आणि बाजूला सोडायची मोकळी जागा. वरचा मजला खालच्या भिंतींच्या रेषेत असेल तर बहुधा निभावतं. अडतो तो जिना. खालच्यांना त्रास नको म्हणून बाहेरून जिना काढायचा आणि तो नेमका बाजूच्या मोकळ्या जागेत उतरवायचा, हा सगळ्यांचा आवडता आराखडा आणि बहुधा पहिला आक्षेप त्यावरच. अंगणातल्या खोलीचंही तेच. कुंपणाला चिकटवून बांधायची खोली नकाशावर कुठेच बसत नाही, कारण ती जागाच मुळी मोकळी ठेवायची असते.

खोलीचे किमान नियमही पाळावे लागतात. राहण्याची खोली किमान ९.५ चौ.मी. आणि २.४ मीटर रुंद, उंची किमान २.७५ मीटर. वर पोटमाळा टाकून त्याला बेडरूम म्हणता येत नाही. दुसरं स्वतंत्र घर दाखवलंत तर पार्किंगचा हिशेबही वाढतो. म्हणून काही वास्तुविशारद वरचा मजला 'त्याच घराचा विस्तार' म्हणून दाखवा असं सुचवतात. कुटुंबच राहणार असेल तर ते खरंच आहे, काही हरकत नाही. भाड्यानेच द्यायचं असेल तर मात्र पहिल्यापासून खरं दाखवलेलं बरं.

आणि पत्रे, सिमेंट बोर्ड, पफ पॅनेल, लोखंडी सांगाडा यांना परवानगी लागत नाही, हा गैरसमज काढून टाका. बांधकाम कशाचं आहे याने फरक पडत नाही, इमारतीच्या व्याख्येत कुठलंही साहित्य येतं. गच्चीवरची पावसाळी शेडही तात्पुरत्या परवानगीनेच, आणि पावसाळ्यापुरतीच. ऑक्टोबरमध्ये तिला बाजूने विटा लागल्या की ती खोली झाली.

भिंत, चेंबर आणि शेजारी

बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज चार्ल्स कोरिया यांनी १९८३ च्या सुमारास आखलं, तेव्हा कुटुंबाने हळूहळू घर वाढवावं हाच हेतू होता. प्लॉट छोटे, साधारण ४५ ते ७५ चौ.मी., पण कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. प्रत्येकाने आपापल्या भिंतीवर वाढवावं. परवानगी तिथेही लागतेच, पण वाढवायची सोय मुळात ठेवलेली होती.

कोपरखैरणे, ऐरोली, नेरूळच्या बैठ्या चाळींत उलटं आहे. दोन घरांत एकच भिंत, स्लॅब सलग. तुम्ही वर मजला चढवता तेव्हा निम्मा भार शेजाऱ्याच्या भिंतीवर जातो. त्यांनी नंतर बांधायचं ठरवलं तर तीच भिंत दोन मजले पेलणार. त्यामुळे शेजाऱ्याची लेखी संमती हा उपचार समजू नका. त्यांच्याकडून सही घेताना त्यांच्या भिंतींचे, स्लॅबचे, सध्या असलेल्या तड्यांचे फोटो तारखेसह दोघांनी मिळून काढून ठेवा. काम चालू असताना पडलेली तड नवी की जुनी, यावर भांडण होतं. तेव्हा हे फोटो दोघांनाही वाचवतात.

मागची गल्ली नीट बघा. घरांच्या रांगेमागून मलनिःसारणाची वाहिनी जाते आणि ठरावीक अंतरावर चेंबर असतात. एकाने मागे खोली काढली की त्याचा चेंबर किचनच्या फरशीखाली जातो. वरून लादी बसते, लादीवर गॅसची शेगडी. जुलैत वाहिनी तुंबते तेव्हा सफाईचा पाइप आत घालायला जागाच नसते आणि पाणी परत येतं ते रांगेतल्या सर्वात सखल घराच्या मोरीत. तक्रार तो शेजारी करतो आणि तिथून नोटिशींची सुरुवात होते. बहुतेक 'अचानक आलेल्या' नोटिशींमागे असा एखादा चेंबर असतो.

घर हे वजन पेलेल का

नकाशाआधी हे व्हायला हवं, पण बहुतेक लोक शेवटी करतात. घर विटांच्या भिंतींवर उभं आहे की आरसीसी कॉलम-बीमवर, हे आधी संरचना अभियंत्याकडून कळू द्या. भिंतींवरचं असेल आणि पाया एकाच मजल्याचा असेल, तर वरचा मजला बऱ्याचदा स्वतंत्र कॉलम आणि स्वतंत्र पायावर उभा करावा लागतो. खर्च वाढतो. तो टाळण्यासाठी जुन्या स्लॅबवरच नवे कॉलम उभे करणारे ठेकेदार आहेत. असं कोणी सुचवलं तर त्याला चहा देऊन निरोप द्या.

खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत सळ्या लवकर गंजतात. स्लॅबखालच्या प्लास्टरवर ठोकून पोकळ आवाज येतो का, बीमच्या कडेला सरळ रेषेत तडे आहेत का, हे स्वतःलाही बघता येतं. त्यापुढे काँक्रीटची मजबुती तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक आणि गरज पडल्यास कोअर चाचणी करून घ्या. ठाणे-नवी मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात धरतात, तेव्हा गणित त्या हिशेबाने हवं. घर तीस वर्षांपेक्षा जुनं असेल तर संरचना तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम २६५ क नुसार तशीही बंधनकारक आहे.

एप्रिल २०१३ मध्ये शिळफाट्याजवळ विनापरवानगी उभी राहत असलेली इमारत कोसळून ७४ माणसं गेली. ती मोठी इमारत होती, तुमची खोली लहान आहे. पण तिथेही मंजूर नकाशा नव्हताच.

अर्ज आणि त्यातल्या वाटा

अर्ज तुम्ही स्वतः भरत नाही. वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी असलेला वास्तुविशारद किंवा महापालिकेचा परवानाधारक अभियंता तो ऑनलाइन टाकतो. त्याच्याबरोबर लागतात मालकीचे कागद (सातबारा, मालमत्ता पत्रक किंवा भाडेपट्टा), मोजणी नकाशा, जुना मंजूर नकाशा व ओसी, चालू वर्षाची घरपट्टी पावती, संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र, सिडको आणि सोसायटी यांची ना-हरकत, आणि हमीपत्रं. झाड तोडायचं असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी.

प्लॉट खाडीलगत असेल तर सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) आणि कांदळवनापासूनचं अंतर तपासा. येऊरच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं संवेदनशील क्षेत्र आहे. उलवे-पनवेल भागात विमानतळामुळे उंचीची मर्यादा आहे. एका मजल्याने बहुधा फरक पडत नाही, पण टेकडीवर प्लॉट असेल तर विचारून घ्या.

'दीड हजार फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही' हे २०२० पासून कानावर पडतंय. नियम असा आहे की १५० चौ.मी. पर्यंतच्या प्लॉटवर तंत्रज्ञाने प्रमाणित केलेला आराखडा, कागद आणि शुल्क सादर केलं की ती पावतीच परवानगी ठरते, आणि १५० ते ३०० चौ.मी. ला दहा दिवसांत परवानगी द्यायची. म्हणजे आराखडा लागतोच, नियमही सगळे लागतात, फक्त छाननीची रांग टळते. जुन्या घरावर मजला चढवताना ही वाट आपल्याला मिळते का, हे वास्तुविशारदाकडून आधीच लेखी ठरवून घ्या.

नेहमीच्या वाटेने गेलात तर कायद्याने ६० दिवस. त्यात उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद एमआरटीपीच्या कलम ४५ मध्ये आहे, पण ती नियमात चोख बसणाऱ्या प्रस्तावालाच. या तरतुदीवर विसंबून कुदळ मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्ज नाकारला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. अपिलाआधी आक्षेपपत्र घेऊन अभियंत्याला भेटा. जिना फिरवून किंवा एक भिंत आत घेऊन सुटणारे आक्षेप बरेच असतात.

पैशांत विकास शुल्क, छाननी शुल्क, अधिमूल्य असेल तर ते, आणि बांधकाम कामगारांचा एक टक्का उपकर धरा. स्वतः राहण्यासाठीच्या घराचा एकूण खर्च ठरलेल्या मर्यादेच्या (पूर्वी १० लाख, नोव्हेंबर २०२५ पासून ५० लाख) आत असेल तर हा उपकर लागत नाही. छोट्या कामात ही सूट मिळते, मागून घ्या.

सीसी ते ओसी

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, हातात पडल्यावरच काम. ते एक वर्षासाठी असतं, दरवर्षी नूतनीकरण करून एकूण चार वर्षांपर्यंत चालतं. जमिनीवर नवी खोली असेल तर जोत्यापर्यंत येऊन थांबा आणि जोता तपासणीचं प्रमाणपत्र घ्या. त्याआधी वर गेलात आणि जोता अर्धा फूट सरकलेला निघाला तर तोडावं लागतं. काम चालू असताना मंजूर नकाशाची प्रत जागेवर ठेवा. तक्रार झालीच तर येणारा माणूस आधी तीच मागतो.

मध्येच 'खिडकीऐवजी दार काढू', 'बाल्कनी घेऊनच टाकू' असं घरात सुरू होतं. बदल करायचा तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्या. काम संपलं की पूर्णत्वाचा दाखला जोडून ओसीसाठी अर्ज. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीज-पाणी जोडण्या आणि बँकांची कर्जं ओसी बघूनच द्यावीत असे निर्देश दिले आहेत, त्यामुळे ओसी नंतर बघू म्हणायची सोय आता उरलेली नाही.

आधीच बांधून झालं असेल तर

एमआरटीपीच्या कलम ५३ ची नोटीस आली तर तिच्यातली मुदत वाचा, ती छोटी असते. त्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी रीतसर परवानगीचा अर्ज करता येतो. नियमात बसणारं असेल तर दंड भरून सुटका होऊ शकते. एफएसआयबाहेर आणि मोकळ्या जागेत असेल तर नाही. २०१७ ची नियमितीकरणाची योजना फक्त ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामांसाठी होती. विनापरवानगी बांधकामाला त्याच कायद्याच्या कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे.

वाढीव खोलीला घरपट्टी लागली म्हणजे ती कायदेशीर झाली असं समजू नका. महापालिका तिच्या अधिनियमाच्या कलम २६७ क खाली कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती लावू शकते आणि पाडण्याचा हक्क राखून ठेवते. ती पावती जपून ठेवा, पण खरेदीदाराला ओसी म्हणून दाखवू नका.

ओसीनंतर

नव्या क्षेत्राची कर विभागाकडे नोंद करा. वेगळं मीटर हवं असेल तर महावितरणकडे, कळवा-मुंब्रा-शीळ भागात टोरंटकडे, ओसीसह अर्ज करा. सिडकोच्या जमिनीवर असाल तर मंजूर नकाशा आणि ओसीची प्रत त्यांच्या इस्टेट विभागात देऊन पोच घ्या. पुढे घर हस्तांतरित करताना त्यांचा माणूस जागा बघायला येतो तेव्हा हीच पोच लागते. जागा भाड्याने द्यायची तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ओळखीतला भाडेकरू असला तरी. त्याची माहिती पोलीस ठाण्यालाही त्याच वेळी द्या.